पोकेमॉन कार्डगेम कमी पैशांत: आधी साठ कार्डं, मग पाकिटं

नाशिकच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा दहा वर्षांचा. वर्गात सगळ्यांकडे पोकेमॉनची कार्डं आहेत, त्यालाही हवी आहेत. त्या विचारतात, "दोन-अडीच हजारांच्या वर जाणं जमणार नाही. कुठली पाकिटं घेऊ? आणि हा खेळ खरंच खेळतात, की नुसती कार्डं गोळा करतात?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पैसे कुठे घालायचे ते त्यावर ठरतं. हो, खेळतात, आणि खेळ फार चांगला आहे. १९९६ साली जपानमध्ये ही कार्डं निघाली ती खेळण्यासाठीच. दोघं समोरासमोर बसतात, प्रत्येकाकडे बरोबर ६० कार्डांचा स्वतःचा गठ्ठा, म्हणजे डेक असतो. दरवर्षी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते, तिच्यात लहान मुलांचा गट वेगळा असतो. आपल्याकडे मात्र बहुतेक मुलं कार्डं जमवतात, अदलाबदल करतात, कुणाच्या कार्डावरचा एचपीचा, म्हणजे पोकेमॉन किती मार सोसतो त्याचा, आकडा मोठा यावरून वाद घालतात, आणि डाव मांडायचा कसा हे वर्गात कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे घरचे पैसे पाकिटांत जातात, आणि आत कुठली कार्डं निघतील ते पाकीट फोडेपर्यंत कळत नाही. मी बरीच वर्षं मुलांना हा खेळ शिकवतो आहे, आणि पहिल्या दिवशी पालकांना एकच गोष्ट सांगतो: पैसे मोजके असतील तर ते नशिबावर लावू नका, ठरलेल्या कार्डांवर लावा.

पाकिटाचा हिशोब करून बघा. 'स्कार्लेट अँड व्हायोलेट' मालिकेपासून एका पाकिटात १० कार्डं आणि वर एक एनर्जी कार्ड (हल्ला करता यावा म्हणून पोकेमॉनला लावायचं) येतं. दहांतली ४ अगदी साधी, ३ जरा कमी मिळणारी, ३ चमकदार. त्या मालिकेच्या पहिल्याच संचात क्रमांक दिलेली कार्डं होती १९८, आणि त्यापुढे खास चित्रांची आणखी कितीतरी. समजा तुम्ही १० पाकिटं घेतलीत. हातात शंभर कार्डं आली, पण त्यांत एकाच पोकेमॉनची मूळ आणि उत्क्रांत रूपं हव्या त्या संख्येत जुळून येणं जवळपास अशक्य. सोबत लागणारी ट्रेनर कार्डं, म्हणजे डावात मदत करणारी कार्डं, तर त्याहून कमी. म्हणजे शंभर कार्डं असूनही धड खेळता येईल असा एकही डेक नाही. पाकीट फोडण्याची मजा मी नाकारत नाही, वाढदिवसाला दोन पाकिटं जरूर द्या. पण सुरुवात त्यातून होत नाही.

त्याआधी नकली मालाबद्दल बोलायला हवं, कारण आपल्याकडे मुलांच्या हातात पहिली पडतात ती नकलीच कार्डं. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात दहा-वीस रुपयांच्या पाकिटांची माळ टांगलेली असते. सोनेरी-चंदेरी, प्लॅस्टिकसारखी कडक कार्डंही तिथेच मिळतात. ही झाडून सगळी नकली. कंपनीने धातूची कार्डं काढली आहेत, पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि महागड्या पेट्यांतूनच.

एक कार्ड हातात घ्या. आधी मागची बाजू बघा: खऱ्या कार्डाचा निळा गडद असतो, नकलीचा फिकट किंवा जांभळ्याकडे झुकलेला. मग 'पोकेमॉन' हा शब्द इंग्रजीत कसा छापलाय ते बघा. त्यातल्या 'ई'वर एक तिरकी रेघ असते, नकली कार्डांवर ती बरेचदा गायब असते. हल्ल्याखालचा मजकूर वाचा. खऱ्या कार्डावर तो नेमका असतो, नकलीवर स्पेलिंगच्या चुका किंवा अर्थ न लागणारी वाक्यं. मागून मोबाइलचा टॉर्च लावा, नकलीच्या पातळ कागदातून उजेड आरपार येतो. शेवटी कार्डाची कड डोळ्यांसमोर धरा: खऱ्या कार्डाच्या दोन पांढऱ्या थरांच्या मधे एक बारीक काळपट रेघ दिसते. या पाच खुणा मुलालाच शिकवा. दहा वर्षांच्या मुलाला त्या एका बैठकीत येतात, आणि पुढे तोच वर्गाला शिकवतो. घरात आधीच नकली कार्डं असतील तर टाकू नका, त्यांचा एक चांगला उपयोग पुढे सांगतो.

आता सुरुवात, आणि पहिली पायरी फुकट आहे. 'पोकेमॉन टीसीजी लाइव्ह' हे अधिकृत ॲप फोनवर आणि संगणकावर चालतं. त्यात पूर्ण ६० कार्डांचा खराखुरा खेळ आहे, शिकवणीचे डाव आहेत आणि सुरुवातीला तयार डेक मिळतात. मुलाचं खातं तुम्ही स्वतः उघडून द्या. दोन-तीन आठवडे त्याला तिथे खेळू द्या, शक्य असेल तर तुम्हीही खेळा. एवढ्या काळात मुलाला खेळ आवडतो की फक्त चित्रं आवडतात हे कळतं. दोन्ही ठीक आहे, पण खर्चाची वाट वेगळी. चित्रंच आवडत असतील तर डेकच्या भानगडीत न पडता आवडत्या पोकेमॉनची सुटी, स्वस्त कार्डं एकेक करून घ्या.

याच्याशी गल्लत होते ती 'पोकेमॉन टीसीजी पॉकेट'ची. ते २०२४च्या ऑक्टोबरअखेर आलेलं वेगळं ॲप. तिथे डेक २० कार्डांचा, तीन गुण झाले की डाव संपला, आणि सगळी रचना रोज पाकीट फोडण्याभोवती. विरंगुळा म्हणून बरं आहे, पण त्यावर टेबलावरचा खेळ शिकता येत नाही, आणि पैसे भरायला लावणारी बटणं त्यात जागोजागी आहेत. मुलाच्या हातात देणार असाल तर फोनवरची खरेदी आधी बंद करा.

मुलाचं मन खेळात रमलं की पैसे काढा, आणि दोन डेक घ्या. हा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. एकच भारी डेक घेतला तर मुलगा खेळणार कुणाशी? घरात तुमच्यासाठी, बहिणीसाठी किंवा शेजारच्या मित्रासाठी दुसरा डेक हवाच. म्हणून एका झकास डेकपेक्षा तुल्यबळ अशा दोन साध्या डेकची जोडी कितीतरी पटीने उपयोगी. कंपनीचे 'ईएक्स बॅटल डेक' याच कामाचे: पूर्ण ६० कार्डं, नाणं, नुकसान मोजायच्या चकत्या, नियमपत्रक, सगळं आत. दुकानागणिक किंमत बदलते, पण तुमच्या रकमेत अशी जोडी बसवायचा प्रयत्न करा. 'बॅटल अकॅडमी' नावाच्या पेटीत तीन डेक, पट आणि पायरीपायरीने शिकवणारी पुस्तिका असते. ती योग्य दरात मिळाली तर नवख्या घरासाठी तिच्याइतकं चांगलं काही नाही. 'लीग बॅटल डेक' हा यापुढचा टप्पा. त्यातली कार्डं स्पर्धेत खेळली जातात, किंमतही जास्त. एक डेक घेऊन पुढे स्पर्धेकडे जायचं नक्की असेल तेव्हाच तो घ्या.

नियम इथे सगळे सांगत नाही, पण खर्चाचे निर्णय ज्यांवर ठरतात तेवढे सांगतो. एनर्जीची मूळ कार्डं सोडली तर एकाच नावाची जास्तीत जास्त चार कार्डं डेकमध्ये चालतात. डाव सुरू होताना ७ कार्डं हातात येतात, आणि ६ कार्डं उपडी बाजूला ठेवतात, ती प्राइझ कार्डं. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की आपलं एक प्राइझ कार्ड उचलायचं. सहाही उचलली की डाव जिंकला. 'ईएक्स' पोकेमॉन ताकदवान असतो, पण तो पडला तर समोरच्याला दोन प्राइझ मिळतात. मेगा ईएक्स असेल तर तीन.

आता यातून निघणारं गणित बघा. एखाद्या कार्डाच्या चार प्रती डेकमध्ये असतील तर पहिल्या सात कार्डांत किमान एक येण्याची शक्यता साधारण ४० टक्के. एकच प्रत असेल तर १२ टक्क्यांच्या आत. शिवाय ती एकमेव प्रत दहांतल्या एका डावात प्राइझमध्येच अडकून पडते. तयार डेकमध्ये बरेचदा हेच दुखणं असतं: दहा जातींचे पोकेमॉन, प्रत्येकाची एक-दोन प्रत. दिसायला श्रीमंती, खेळायला विस्कळीत. म्हणून पहिली सुधारणा भर घालण्याची नसते, छाटण्याची असते. दोन जाती ठेवा, बाकीच्या काढा, आणि रिकाम्या जागी त्याच दोघांच्या उरलेल्या प्रती आणि ट्रेनर कार्डं आणा. ही सुटी कार्डं स्वस्त असतात, कारण चमकदार नसलेल्या कार्डाला जमवणाऱ्यांकडून मागणी नसते.

छाटताना एका आकड्याकडे लक्ष ठेवा: मूळ, म्हणजे उत्क्रांत न झालेल्या पोकेमॉनची संख्या. पहिल्या सात कार्डांत एकही मूळ पोकेमॉन नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसावं लागतं, आणि समोरच्याला एक जास्तीचं कार्ड घेता येतं. डेकमध्ये मूळ पोकेमॉन ८ असतील तर ही वेळ जवळपास तीनांतल्या एका डावात येते. १२ असतील तर पाचांतल्या एकात.

स्वस्त डेक म्हणजे दुबळा डेक, हा समज पक्का बसलेला आहे. तो मोडण्यासाठी एक उदाहरण उलगडून दाखवतो. २०२४च्या 'ट्वायलाइट मास्करेड' संचातला डिपलिन हा साधा, एकाच प्राइझचा पोकेमॉन. ॲपलिन या त्याच्या मूळ रूपावर चढवायचा, एक गवताची एनर्जी लावली की हल्ला तयार. हल्ल्याचा जोर आपल्या बेंचवरच्या, म्हणजे मागे राखीव बसलेल्या, प्रत्येक पोकेमॉनमागे २०. बेंचवर पाच जण बसवले की १००. आता खुबी: 'फेस्टिव्हल ग्राउंड्स' हे स्टेडियम कार्ड (ट्रेनर कार्डांतला एक प्रकार) टेबलावर असेल तर डिपलिन एका पाळीत दोनदा हल्ला करतो. म्हणजे एका एनर्जीवर २००. बेंचवरचा थ्वॅकी हा दुसरा पोकेमॉन, पुढे डिपलिन उभा असताना, दर पाळीत डेकमधलं हवं ते एक कार्ड शोधून हातात आणतो.

समोर ३२० एचपीचा ड्रॅगापल्ट ईएक्स असला तर? दोन पाळ्यांत ४००, तो पडला, आणि आपल्याला दोन प्राइझ. उलट आपला प्रत्येक पोकेमॉन एकाच प्राइझचा असल्याने समोरच्याला सहा वेळा कुणाला तरी पाडावं लागतं. कमी पैशांतल्या खेळाडूचं बळ इथे आहे. अर्थात हाच ड्रॅगापल्ट २००चा फटका मारताना वरून ६० इतकं नुकसान बेंचवर हवं तसं वाटतो, आणि आपली छोटी ॲपलिनं तिथेच गारद होतात. हा सामना अवघड जातो, ते मान्य. पण घरात, वर्गात, दुकानातल्या साप्ताहिक खेळात हा डेक ताठ मानेने उभा राहतो. शिवाय त्यात मुलाला जागा कधी भरायची, एनर्जी कुणावर लावायची, स्टेडियम केव्हा उतरवायचं याचा सतत विचार करावा लागतो. भारी कार्ड आपोआप जिंकून देत नाही हे त्याला खेळता खेळता कळतं.

सुटी कार्डं घेताना पैसे आधी ट्रेनर कार्डांवर घाला. पोकेमॉन दर डेकला बदलतात, ट्रेनर कार्डं या डेकमधून त्या डेकमध्ये जातात. 'अल्ट्रा बॉल', 'रेअर कँडी', 'स्विच', 'बॉसेस ऑर्डर्स', 'नाइट स्ट्रेचर', 'बडी-बडी पॉफिन' यांच्या चार-चार नाही तर दोन-दोन प्रती जमल्या तरी पुढचा कुठलाही डेक अर्धा झालेला असतो. आणि प्रत सगळ्यात साधी घ्या. चमकदार, महागडी 'बॉसेस ऑर्डर्स' आणि दुकानदाराच्या डब्यातली मळकट 'बॉसेस ऑर्डर्स' टेबलावर अगदी एकच काम करतात.

एका गोष्टीकडे मात्र खरेदीआधी बघायचं. कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत एक इंग्रजी अक्षर असतं. स्पर्धेच्या नेहमीच्या प्रकारात साधारण वर्षाला एकदा सर्वांत जुनं अक्षर बाद होतं. २०२५च्या एप्रिलमध्ये 'एफ' गेलं, पुढची अक्षरंही अशीच रांगेने जातात. कुणी जुना डेक फार स्वस्तात विकत असेल तर बहुधा त्याचं अक्षर गेलेलं असतं किंवा जायच्या बेतात असतं. घरी खेळायला तो बेशक घ्या, ती तर पर्वणी आहे. स्पर्धेसाठी घेऊ नका. यालाही एक सवलत आहे: तेच कार्ड नव्या अक्षराने पुन्हा छापलं गेलं असेल तर जुनी प्रतही चालते. 'अल्ट्रा बॉल', 'रेअर कँडी' अशी कार्डं वारंवार छापली जातात, म्हणून मोठ्या भावंडांच्या जुन्या डब्यातून ती आधी शोधून काढा.

आता नकली कार्डांचा तो उपयोग. विकत घेण्याआधी डेक खेळून बघायचा असेल तर कागदावर छापा. कार्डाचा आकार ६३ गुणिले ८८ मिलिमीटर, म्हणजे ए-फोर कागदावर बरोबर नऊ कार्डं मावतात. ६० कार्डांना सात कागद. झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्यात छापून आणा, कात्रीने कापा, प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये घाला आणि मागे आधारासाठी ती नकली कार्डं सरकवा. मोठ्या स्पर्धांतल्या विजेत्या डेकच्या याद्या 'लिमिटलेस' या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. जागतिक विजेत्याचा डेक शंभरेक रुपयांत तुमच्या जेवणाच्या टेबलावर येतो. ही छापील कार्डं घरापुरती. अधिकृत स्पर्धेत ती चालत नाहीत, आणि ती खरी म्हणून कुणाला देणं ही फसवणूकच आहे, हे मुलाला स्पष्ट सांगा. छापायचा खटाटोप नको असेल तर कंपनीच 'वर्ल्ड चॅम्पियनशिप्स डेक' काढते: विजेत्यांच्या डेकची हुबेहूब प्रत, मागची बाजू मात्र वेगळी, म्हणून स्पर्धेत बाद. घरच्या खेळासाठी मला ते फार आवडतात.

बाकी सामानावर जवळजवळ काहीच खर्च करू नका. नुकसान मोजायला चिंचोके घ्या, एक चिंचोका म्हणजे १०. नाण्याऐवजी रुपया. पट म्हणून जुनी चादर. डेकसाठी कार्डं मावतील असा कुठलाही कोरडा डबा. रबरबँड मात्र कधीही लावू नका, कडा दबतात आणि ती कार्डं पिसताना ओळखू येतात. पैसे घालायचे ते स्लीव्हवर, साध्या पारदर्शक चालतील, फक्त आकार नीट बघून घ्या. 'यू-गी-ओह'ची कार्डं जरा लहान असतात, त्यांच्या स्लीव्ह यांना बसत नाहीत. मुंबई-कोकणात पावसाळ्यात चमकदार कार्डं धनुष्यासारखी वाकतात. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या की बराच फरक पडतो. नव्या बुटांच्या खोक्यात निघतात त्याच वापरा.

कार्डांच्या किमती वाढतात, मग गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवावीत का, असंही पालक विचारतात. दोन-अडीच हजारांत नाही. ज्या रकमेत दोन भावंडं वर्षभर खेळू शकतात ती रक्कम सीलबंद डब्यात बंद करून ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

अदलाबदलीबद्दल मात्र जागं राहा, कारण तिथे लहान मुलं हमखास फसतात. मोठा मुलगा दहा साधी कार्डं देऊन एक चांगलं कार्ड घेऊन जातो. घरात नियम करा: वर्गात फक्त बोलणी करायची, कार्ड द्यायचं ते दुसऱ्या दिवशी, घरी दोन्ही कार्डांची किंमत बघून झाल्यावर. खेळात लागणारी कार्डं स्लीव्हमध्ये डेकच्या डब्यात आणि बदलायची कार्डं वेगळ्या वहीत ठेवली तर डेकमधलंच कार्ड हातातून जाण्याचा प्रसंग येत नाही. ती वही शाळेत गेली तरी चालेल, डेकचा डबा घरी राहू दे.

स्पर्धेची घाई नको. मोठ्या शहरांत कार्डांची दुकानं आणि बोर्डगेम कॅफे आठवड्याचे खेळ भरवतात. पहिल्यांदा डेक न नेता नुसतं बघायला घेऊन जा. खेळणारी मंडळी नवख्या मुलाला बसवून घेतात, आपला दुसरा डेक त्याच्या हातात देतात आणि शेवटी उरलेली साधी कार्डंही बरेचदा तशीच देऊन टाकतात. जाताना मुलाला हव्या असलेल्या ट्रेनर कार्डांची यादी खिशात असू द्या.